तिसऱ्या फ्लॅटचं टोकन देण्याआधी

चि. भाच्यास,


दोन फ्लॅट भाड्याने दिलेस, तिसरा बघतो आहेस, आणि हिशेबासाठी वर्षाचं शुल्क भरून खास सॉफ्टवेअर घ्यावं का असं विचारलंस. माझं मत, घेऊ नकोस. लॅपटॉपवरचं एक्सेल पुरे. तुझ्या टप्प्यावर तर तेच जास्त चांगलं, कारण कोणत्या रकान्यात काय मोजायचं हे त्यात तुला स्वतःला ठरवावं लागतं.

या धंद्यात खोट येते ती न लिहिलेल्या खर्चातून. प्राप्तिकरात मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते; रंगकामाला, प्लंबरला खरोखर किती दिले हे कोणी विचारत नाही. सोय मोठी, पण त्यामुळे पावत्या जपण्याची सवयच लागत नाही आणि विवरणपत्रातला आकडाच खरी कमाई वाटू लागतो. आता एक कोरी शीट उघड. धर, पुण्यात ६० लाखांचा जुना फ्लॅट, भाडं महिना १८ हजार. दलाल म्हणेल, ३.६ टक्के सुटतात. पण ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार धरले की गुंतवणूक साडेचौसष्ट लाखांवर जाते. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं तर भाडं येतं १ लाख ९८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स नॉन-ऑक्युपन्सी चार्जेससह ३६ हजार, मालमत्ता कर १२ हजार आणि एका भाड्याइतकी दलाली १८ हजार गेली की उरतात १ लाख ३२ हजार, म्हणजे जेमतेम २ टक्के. दुरुस्ती अजून धरलेलीच नाही! म्हणजे असा फ्लॅट भाड्यासाठी घेतला जात नाही, किंमत वाढेल या आशेवर घेतला जातो. ती आशा तपासायला एक्सआयआरआर हे सूत्र आहे. तारखेसमोर रक्कम लिहायची, गेलेली उणे, आलेली अधिक, आणि शेवटी आज विकला तर हाती येईल ती. अनामत मात्र वेगळ्या रकान्यात ठेव. ती परत द्यायची असते.

एक्सेलवर भरवसा कसा ठेवायचा, असं तू म्हणशील. शंका रास्त आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडात कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद गळाली, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नव्हती. पण तो देशाचा हिशेब होता. तुझ्या ओळी वर्षाला शंभर-दोनशे. तुला भीती चुकून पुसल्या गेलेल्या सूत्राची. त्यासाठी भाड्याचं बँक खातं वेगळं काढ आणि दर महिन्याला शीटमधली शिल्लक पासबुकाशी जुळव. राहिली सॉफ्टवेअरमधली आठवण करून देण्याची सोय, तर ती फोनमधल्या कॅलेंडरमध्येही आहे. करार संपायच्या दोन महिने आधीची नोंद टाकून ठेव. हे टाळू नकोस, कारण १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे प्रत्येक नवा करार नोंदवून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. पंचवीस-तीस घरं झाली आणि हिशेबाला पगारी माणूस ठेवलास, तर माझं मत बदलेल.

तूर्त तिसऱ्या फ्लॅटचं टोकन देऊ नकोस. आधी पहिल्या दोन फ्लॅटच्या शीट भरून मला पाठव.

तुझी,
मावशी