शिळ्याचे कपाट

आमच्या घरी फ्रीज येऊन पुष्कळ वर्षे झाली, पण त्याच्या वरच्या मजल्याशी आईचे सूत कधी जमले नाही. खाली दूध-दही ठेवायला तिची हरकत नसे. वरच्या बर्फाच्या कप्प्याला मात्र तिने 'शिळ्याचे कपाट' असे नाव ठेवले होते. जिचे निम्मे आयुष्य रत्नागिरीकडे गेले, तिने गोठलेल्या खोबऱ्याला नाक मुरडावे यात नवल ते काय?

पण पुण्यात आम्ही दोघेच, आई आणि मी. नारळ फोडला की अर्धा उरे आणि तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होई. तो फेकण्याचे दुःख तिला शिळ्याहून मोठे वाटले असावे. एके दिवशी तिने खोवलेला नारळ पिशवीत भरला, तळहाताने पोळीसारखा चपटा केला आणि वर ठेवून दिला. चपटा असला की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. गोळा असता तर बत्त्याने फोडावा लागला असता. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

मग थंडीतले मटार आले. उकळत्या पाण्यात दोन मिनिटे, लगेच गार पाण्यात, मग पंचावर कोरडे करून वर. मी पडलो पुस्तकी पंडित. तिला सांगू लागलो, सावकाश गोठले की पाण्याचे मोठे खडे होतात, पेशी फाटतात आणि भाजी लिबलिबीत होते. १९१२ साली लॅब्रॅडॉरला गेलेल्या बर्डसाय नावाच्या अमेरिकन गृहस्थाने कडाक्याच्या थंडीत झटक्यात गोठलेले मासे पाहिले आणि पुढे त्यावरच धंदा उभारला. ती म्हणाली, "म्हणूनच सांगते, सगळ्या पिशव्या एकदम कोंबू नकोस." (आमटीतला बटाटा मात्र वर ठेवू नये. भुसभुशीत होऊन निघतो. तो प्रयोग माझा.)

गेल्या वर्षी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. आधीचे पंधरा दिवस ती कपाट भरत होती. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी: 'सोलकढीला', 'उसळ, दोन वेळची', 'वितळल्यावर पुन्हा ठेवू नये'. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले होते. मी पिशव्या मोजल्या, तर महिनाभर पुरतील इतक्या. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

ती दवाखान्यात असताना एका रात्री वीज गेली. कप्पा गच्च भरलेला असला आणि दार उघडले नाही, तर थंडी बरेच तास टिकते, हे मला ठाऊक होते. तरी मी तिची गोधडी आणून फ्रीजवर पांघरली आणि वीज येईपर्यंत शेजारी बसून राहिलो.

बाराव्या दिवशी ती घरी आली. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली, वरचे दार उघडले आणि पाहतच राहिली.

"अरे, सगळं तसंच आहे! मग जेवलास कुठं?"

"खानावळीत."

"आणि हे कुणासाठी केलं होतं?" ती संतापली. "शिळं झालं की रे सगळं!"

मी 'सोलकढीला' लिहिलेली पिशवी बाहेर काढली आणि आमसुले भिजत घातली.