उंचावलेला हात

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली आणि काचीगुड्याहून परतताना, रहदारी थोपविण्यासाठी चौकात उंचावलेला एक हात मला विलक्षण स्पष्ट दिसला. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या वाहतूक पोलिसांकडे साहाय्यक म्हणून रुजू झालेल्या ३९ तृतीयपंथीयांपैकी एकीचा तो होता. रिक्षावाला हसला; ते हसू कौतुकाचे की कुत्सित, हे मी विचारले नाही.

याच शहरात १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ सालचा, निजामी कायदा तृतीयपंथीयांची नोंदवही ठेववीत असे आणि स्त्रीवेशात रस्त्यावर आढळल्यास विनावॉरंट अटकेची मुभा देत असे. उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला तो थेट २०२३ मध्ये. शंभर वर्षे ज्या हाताला बेडीचे भय, त्याच हाताच्या इशाऱ्यावर आता मोटारी थांबतात, या विचाराने मला हर्ष झाला, तशी एक अनामिक रुखरुखही लागली.

यामुळे पोलिसांची वृत्ती बदलेल का, यावरून शेजारच्या निवृत्त जमादारांशी वाद झाला. शिवरामपल्लीच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत उमेदवार अधिकाऱ्यांना संवेदनशीलतेचे कितीही पाठ द्या, शिपाई मात्र वरिष्ठांची जीभ उचलतो, व्याख्यात्यांची नव्हे, असे त्यांचे मत. मला ते पुरते खोडता आले नाही. तथापि व्याख्यानाने जे साधत नाही ते सहकाऱ्याच्या नित्य सहवासाने कदाचित साधेल, असे मला वाटते, जरी साहाय्यकाचा दर्जा शिपायाचा नव्हे.

तृतीयपंथीयांपैकी कोणी रात्री ठाण्यात फिर्याद घेऊन गेली, तर ती नोंदली जाईल का, असे मी विचारले. ठाणे कोणते आणि अंमलदार कोण, असे जमादारांनी उलट विचारले.