आकड्याची अमानत

गाडीची ताकद मोजायची तर गाडीला जागच्या जागी पळवावं लागतं. मागची चाकं लोखंडी रोलरांवर चढवायची, पट्ट्यांनी गाडी जखडायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. या यंत्राला डायनो म्हणतात. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आम्हा कोकणी मुसलमान पोरांची उमेदीची वर्षं अशा गाड्यांखाली गेली. गावाहून निघताना आम्हांला ठाऊक होती ती ट्रकची आणि मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं.

तिथं टोयोटा सुप्रा भेटली. १९९३ ते २००२ या काळात निघालेली. तीन लिटर, सहा सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. २८० अश्वशक्तीच्या वर आकडा जाहीर करायचा नाही, असं जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं. तो अलिखित करार २००४ पर्यंत टिकला. इंजिनाच्या अंगात मात्र त्याहून पुष्कळ जास्त सोसायची ताकद होती.

टर्बोचं काम साधं. बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. पण दाबलेली हवा तापते. इंटरकूलर तिला निववतो. शारजाच्या जुलैत बाहेरच ४५ अंश, तो बिचारा किती निववणार? उष्णता आणि दाब हद्दीबाहेर गेले की उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज येतो. हे नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो.

पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. पूर्ण बूस्टवर आम्ही हे माप साडेअकराच्या आसपास ठेवायचो. जादा पेट्रोल आतली आग जरा निववतं. ठिणगीची वेळ एकेक अंशानं सरकवायची, पुन्हा गाडी पळवायची, कान लावायचा.

एका जुलैत एका तरुण गिऱ्हाइकाची सुप्रा चाकांवर ४६० पर्यंत आली. त्याला ५०० हवे होते. दोस्तांना तसं सांगून बसला होता. बूस्ट वाढवला तर नॉकिंग सुरू होत होतं. दुसरी वाट सोपी होती. हवेच्या तापमानाप्रमाणे आकडा दुरुस्त करायची सोय डायनोत असते. तिथं खोटं तापमान भरलं की कागदावर ५०० उमटतात. गाडी तीच राहते. तो म्हणाला, तसंच करा, पैसे वाढवून देतो.

आम्ही उस्तादांकडे पाहिलं. महिनाअखेर होती, घरी पैसे पाठवायचे होते. उस्ताद म्हणाले, "गाडी आपल्याकडे अमानत आहे. बूस्ट वाढवला तर खयानत, आकडा वाढवला तर झूटी गवाही. यातलं कुठलं तुझ्या नावावर लिहू?"

आम्ही खाली मान घालून पट्टे सोडले. पोरगा रागानं निघून गेला.

जानेवारीत तो परत आला. तीच गाडी, तीच सेटिंग. हवा थंड, म्हणजे दाट. दुरुस्ती न लावलेला आकडा आपोआप वर चढला. तो खूश झाला. उस्तादांनी कागद दिला, पण त्याआधी पेन काढून आकड्याशेजारी त्या दिवसाचं तापमानही लिहिलं.