पुढच्या चाकांची दोन कामं

मागच्या चाकांना एकच काम असतं, ढकलायचं. पुढच्या चाकांना दोन: ओढायचंही आणि वळायचंही. फोर-बाय-फोर गाडीच्या पुढच्या ॲक्सलमध्ये काय बसवावं यावर माझ्या गॅरेजमध्ये चहाच्या वेळी जे वाद रंगतात, त्यातले निम्मे हे दुसरं काम विसरल्यामुळे होतात, असं माझं मत झालं आहे. लॉक बसवा, सगळं लॉक करून टाका, असं म्हणणारी मंडळी गाडी अडकलेली असतानाचा विचार करतात. ती सुटल्यावर वळवायची कशी, हा विचार चालकाच्या खांद्यावर येतो.

आमच्या आष्टी तालुक्यात दोन जमिनी आहेत आणि दोन्हींचा स्वभाव उलटा. उत्तरेकडे बालाघाटाची कड लागते. तिथे मुरूम, सुटे धोंडे आणि मध्येच उघडा पडलेला काळा कातळ. सीना नदीच्या अंगाला उतरावं तशी खोल काळी लागत जाते. पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत तिच्यात माणसानेसुद्धा जाऊ नये, गाडी तर लांबच. माझी गिऱ्हाइकं या दोन्ही जमिनींवर राबणारी. विहिरीचं काम घेणारे, पाइपलाइनवाले, विजेचे मनोरे उभे करणारे, पठारावरच्या पवनचक्क्यांचं सामान वाहणारे. त्यांना गाडी हौसेसाठी नको असते, सिमेंटच्या गोण्या आणि माणसं पाणंदीतून वर पोचवायला हवी असते. त्यामुळे एमएम ५४० जीपसारख्या जुन्या, दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल असलेल्या गाड्यांना मागे हौदा बांधून त्यांचा छोटा ट्रक करण्याची पद्धत इकडे अजून आहे.

साध्या डिफची, म्हणजे डिफरेन्शियलची, कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायला मध्ये स्टार पिनियन आणि सन गियर असतात. इथवर ठीक. पुढचा अर्धा भाग असा, की साधं डिफ वेग वेगळा देतं, पण जोर दोन्हीकडे सारखाच देतं. एका चाकाखालच्या मातीने ३० इतकाच जोर पेलला, तर दुसऱ्या चाकाखाली अख्खा कातळ असला तरी त्यालाही ३०च मिळणार. एक चाक हवेत गेलं की त्याला शून्य आणि दुसऱ्यालाही जवळजवळ शून्य. जोडीतला एक बैल खाली बसला की दुसरा कितीही दांडगा असून उपयोग नाही, तसंच हे.

बैलगाडीला मात्र ही अडचण नाही, तिची चाकं आपापल्या मनाने आसावर फिरतात आणि ओढणारा वेगळाच असतो. रेल्वेलाही नाही. नगरहून आष्टीपर्यंतची ६६ किलोमीटरची रेल्वे सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा आम्ही गॅरेज बंद करून बघायला गेलो होतो. सगळे डबे बघत होते, मी वाकून चाकं बघत होतो. रेल्वेची दोन चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, मध्ये डिफ नाही. चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित निमुळता असतो. वळणावर जोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, हिशेब आपोआप मिटतो. एवढं साधं उत्तर आपल्या गाड्यांना मिळालं असतं तर माझा धंदा निम्मा झाला असता.

लिमिटेड स्लिप डिफ म्हणजे जोराची सारखी वाटणी मोडणारं डिफ. त्याचे दोन मुख्य प्रकार माझ्या हाताखालून गेले आहेत. पहिला प्लेटांचा. सन गियरच्या मागे पातळ क्लच प्लेटांची चळत आणि तिला दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीसाठी झेडएफ कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफ करून घेतलं होतं, ते मात्र प्लेटांचं नव्हतं, सरकत्या पिना आणि कॅमचं होतं. दुसरा प्रकार तिरप्या दात्यांच्या गियरांचा, हेलिकल. यात प्लेटा नाहीत. जोर आला की गियरच एकमेकांना आणि केजच्या भिंतीला दाबून धरतात, आणि त्या घर्षणातून पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. या घराण्यातलं टॉरसेन १९५८ साली व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन माणसाने पेटंट केलं. अमेरिकी लष्कराच्या हमवीला पुढे-मागे तेच आहे.

पुढच्या ॲक्सलला मी हेलिकलच सुचवतो. कारण स्टिअरिंग. प्लेटांच्या डिफमध्ये स्प्रिंगांचा दाब कायम असतो, त्यामुळे फोर-व्हील टाकलं की गाडी सरळच जायला बघते, तुम्ही वळवा म्हणता आणि ती नाही म्हणते. पूर्ण लॉक केलं, म्हणजे दोन्ही चाकं एकाच वेगाला बांधली, तर हाच हट्ट दसपट. फोर्सच्या गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक येतं, लिव्हर ओढून लावायचं. गाडी जबरदस्त आहे, पण पुढचं लॉक लावून अरुंद पाणंदीत वळून बघा. सगळा ताण ॲक्सलच्या टोकाच्या जॉइंटवर येतो, आणि चाक पूर्ण वळवलेलं असताना तो जॉइंट आधीच कमजोर असतो. कट्ट असा आवाज येतो आणि मग रात्री मला फोन येतो. हेलिकल डिफ जोर नसेल तेव्हा साध्यासारखं मोकळं राहतं, जोर आला की धरतं. पुढच्या चाकांना असंच काहीतरी हवं असतं.

तरी हे आधी मागे बसवावं की पुढे? चढावर वजन मागे जातं, म्हणून मागे, असं पुस्तकी उत्तर आहे. पण आमचा हौदा सकाळी भरून वर जातो आणि संध्याकाळी रिकामा खाली येतो. रिकाम्या पिकअपचं वजन असतं पुढे, इंजिनावर. मागचा भाग नुसता उड्या मारतो. पावसाने वाट बिघडलेली असताना रिकामी गाडी ओढ्यातून बाहेर काढायची ती पुढच्या चाकांनीच. लो गियरमध्ये उतरतानाही पुढची दोन्ही चाकं मिळून इंजिनाचा ब्रेक धरतात, एकटं चाक घसरून गाडी तिरपी होत नाही. इकडच्या कामाला पुढचं डिफ मला म्हणूनच पटतं.

आता हिशेबाची गंमत. हेलिकल डिफचं प्रमाण समजा तिनास एक. मघाच्या ३० पेलणाऱ्या चाकासमोर दुसऱ्याला ९० मिळणार, म्हणजे एकूण ६० ऐवजी १२०. पण चाक पूर्ण हवेत गेलं तर? शून्याची तिप्पट शून्यच. पैसे मोजून गाडी जागेवर गरगरायला लागली की मालक माझ्याकडे ज्या नजरेने बघतो ती सांगण्यासारखी नाही. तेव्हा डाव्या पायाने ब्रेक हलका दाबायचा. ब्रेकने प्रत्येक चाकाला २० इतकं अडवलं, तर हवेतल्या चाकाला २० लागतात, म्हणून दुसऱ्याला ६० जातात. त्यातले २० त्याच्या स्वतःच्या ब्रेकने खाल्ले, ४० हातात उरले, आणि तेवढ्यावर गाडी पायरी चढते. साध्या डिफवर हीच युक्ती केली तर २० मिळतात आणि २० ब्रेक खातो. शिल्लक शून्य. हमवीच्या चालकांनाही हाच ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचा खेळ शिकवतात.

आमच्या शेतकऱ्याला मात्र तो कुणी शिकवावा लागत नाही. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक पेडल वेगळे असतात. डांबरीवर जाताना कडी घालून ते जोडतात, शेतात कडी काढतात. एक चाक नुसतं फिरायला लागलं की पठ्ठ्या त्याच बाजूचा ब्रेक दाबतो, आणि जोर पलीकडे जातो. हल्लीच्या महागड्या गाड्यांमध्ये संगणक हेच करतो आणि शोरूमवाले त्याला भारी इंग्रजी नाव देतात. माझ्या गॅरेजमधला पोरगा ट्रॅक्टरवर वाढलेला. त्याला हेलिकल डिफवर डाव्या पायाचा ब्रेक समजावायला मला एक वाक्य पुरलं.

बसवणं हे निवांत काम आहे, घाईचं नाही. जुनं गियर ऑइल काढलं की गंधकाचा तो उग्र वास गॅरेजभर होतो आणि दुसऱ्या दिवशीही कपड्यांना राहतो. हब उतरवायचे, शाफ्ट बाहेर ओढायचे, बेअरिंगच्या कॅपवर पंचने खूण करून ठेवायची, कारण डावी कॅप उजवीकडे बसली तरी बोल्ट मुकाट्याने लागतो आणि बेअरिंग महिन्याभरात रडायला लागतं. क्राउन नव्या केजवर चढवायचा, बोल्ट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळायचे. मग शिम. एक शिम इकडून काढून तिकडे घालायची, डायल गेजचा काटा क्राउनच्या दात्यावर टेकवायचा आणि हाताने मागे-पुढे हलवून बघायचं. मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्यापासून पाचव्या हिश्श्यापर्यंत खेळ ठेवायचा, कंपनीच्या कागदावर असेल तो. दात्यांना रंग लावून फिरवलं की टेकण्याची खूण उमटते. इथे पुढच्या ॲक्सलची एक खोच आहे. या जीपगाड्यांमध्ये पुढे जाताना पुढच्या क्राउनच्या दात्याची उलटी बाजू जोर घेते. मागचं डिफ करायची सवय झालेला मिस्त्री एकाच बाजूची खूण बघून झाकण लावतो. पुढच्याला दोन्ही बाजू बघायच्या, उलटी जास्त बारकाईने.

आणि एवढं करून काळ्या मातीत? काही नाही. उगाच आशा लावत नाही मी कुणाला. खोल काळीत दोन्ही चाकं सारखीच घसरतात, एकाला पकड असेल तर ना दुसऱ्याची उधारी फेडणार. टायरच्या खाचा चिखलाने बुजल्या की तो टायर राहत नाही, रोलर होतो. तिथे पैसे टायरवर घालावे, हवा ३५ वरून विसाच्या आसपास आणावी आणि शक्यतो चार दिवस थांबावं. उलट आडव्या उतारावर, ओल्या बांधावरून जाताना, साधं डिफच बरं. एक चाक फिरलं तरी दुसरं न फिरता कड धरून राहतं. लिमिटेड स्लिपने दोन्ही एकदम फिरली की नाक उताराकडे सरकतं. अशा जागी ॲक्सिलरेटर सोडायचा, दाबायचा नाही. हे ऐकायला सोपं आहे, पण घाबरलेला पाय दाबतोच.

नव्या गिऱ्हाइकाला गाडी देताना मी शेजारी बसून एक फेरी मारतो. रस्त्यावर हब मोकळे, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलपासून सुटी असताना त्याला काहीच वेगळं जाणवत नाही आणि तो जरा नाराज होतो. मग मुरमाच्या चढाला हब लॉक करून फोर-व्हील टाकतो, एक चाक चरात घालायला लावतो. स्टिअरिंग हातात जिवंत होतं, पकड असलेल्या चाकाकडे झटका देतं. अंगठे रिंगच्या आत घालून धरायची सवय असेल तर ती तिथेच मोडावी लागते, नाहीतर धोंड्यावर चाक आपटलं की आरी अंगठ्यावर बसते.

देखभालीचं एकच मागणं मी पक्कं करतो. सीना किंवा ओढा ओलांडताना हब बुडेल इतकं पाणी असलं, तर आल्यावर पुढच्या डिफचा प्लग उघडून बोटभर ऑइल बघायचं. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की ब्रीदरमधून पाणी आत ओढतं, आणि ऑइल ताकासारखं दिसायला लागतं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली वर आणली की हा त्रास बहुतेक संपतो. नळीला पन्नास-शंभर रुपये पडतात. हजारोंचं डिफ बसवणारे लोक या पन्नास रुपयांवर घासाघीस करतात, आणि मी ती बिलात न लावता बसवून टाकतो.