माझी बातमी आणि तात्यांचा कूलर

डिसेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात मी एक बातमी दिली होती. चार कॉलम, मथळा माझाच : 'नव्या वर्षापासून जुना कूलिंग गॅस बंद'. बातमी चांगली चालली. तालुक्यातल्या फ्रिजवाल्यांनी, डेअरीवाल्यांनी ग्रुपवर फिरवली. मी खूश.

आता त्या बातमीचं काय झालं ते ऐका.

शेजारच्या गावात तात्यांचं दूध संकलन केंद्र आहे. तात्या नात्यातले नाहीत, पण वडलांचे जुने मित्र, म्हणून आमच्याकडे तात्याच. एक हजार लिटरचा बल्क कूलर, 2013 साली कर्ज काढून घेतलेला. 2025 च्या मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री आठला त्यांचा फोन आला. "अरे, कॉम्प्रेसर उचलंना झालाय. नुसता हुं करतो आन ट्रिप मारतो. तुझ्या वळखीचा कोन मेकॅनिक हाय का?"

मी गेलो. टाकीत 640 लिटर संध्याकाळचं दूध. काढलेलं दूध पस्तीसेक डिग्रीला असतं, ते तासा-दोन तासांत चारपर्यंत उतरायला लागतं. काट्यावर 24 डिग्री. तात्यांच्या पोराने बर्फाच्या लाद्या आणून कॅन भरून टाकीत सोडले. मध्यरात्री 19. सकाळी टँकरवाल्याने नमुना उकळला आणि दूध फाटलं. त्याची चूक नाही, तो तरी काय करणार? सत्तरेक घरांचं दूध ओढ्याला गेलं. त्या दिवसाचे पैसे तात्यांनी खिशातून दिले, एकालाही नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे जुने मेकॅनिक आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. बारा नंबरच्या गॅसपासून म्हणजे आर-12 च्या काळापासून हातात गेज धरलेला माणूस. त्यांनी कॉम्प्रेसर काढला, आडवा करून तेल ओतलं. जेमतेम वाटीभर निघालं, काळंकुट्ट. चाचांनी विचारलं, "गॅस कुठला भरलाय?" तात्या म्हणाले, 404. "आणि तेल?" तेल कोणी बदललंच नव्हतं.

झालं असं होतं. जानेवारीत कूलर थंडाई धरेना, कुठेतरी लिकेज होतं. तो मूळचा आर-22 चा कूलर. एक नवखा मेकॅनिक आला आणि म्हणाला, 22 बंद झाला, आता 404 च भरावा लागेल. तात्यांनी खात्री विचारली तेव्हा त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. फॅटच्या दरपत्रकाशेजारी माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं.

चाचांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगतो, कारण हे आपल्याकडे कोणी लिहीत नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल नुसतं कॉम्प्रेसरमध्ये बसून राहत नाही. थोडं तेल गॅसबरोबर पूर्ण लाइन फिरून परत येतं. आर-22 बरोबर जुनं मिनरल तेल फिरतं. आर-404ए बरोबर ते नीट मिसळत नाही, थंड भागात चिकटून बसतं. त्या गॅसला पीओई नावाचं वेगळं तेल लागतं, आणि ते हवेतला ओलावा इतका ओढतं की डबा उघडा ठेवून चहा प्यायला जायची सोय नाही. वर एक्सपान्शन व्हॉल्व्हही नव्या गॅसचा लागतो. तात्यांच्या कूलरमध्ये यातलं काहीच बदललं नाही. चार महिने कॉम्प्रेसर थोडा थोडा कोरडा पडत गेला आणि ऐन उन्हाळ्यात जाम झाला.

मग मी नियम काढून वाचला. बातमी देण्याआधी वाचायला हवा होता, पण तेव्हा हातात प्रेसनोटचा अर्धा कागद होता आणि पान सोडायची घाई.

31 डिसेंबर 2024 ला बंद झालं ते नवीन यंत्रं बनवताना आर-22 सारखे एचसीएफसी गॅस वापरणं. चालू यंत्राच्या दुरुस्तीला गॅस भरण्यावर त्या तारखेने बंदी आलेली नाही. माँट्रियल कराराच्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्यासारख्या देशांनी 2025 पर्यंत या गॅसचा वापर मूळ पातळीपेक्षा 67.5 टक्क्यांनी घटवायचा, 2030 मध्ये जवळपास संपवायचा, आणि दुरुस्तीपुरता किरकोळ हिस्सा 2040 पर्यंत चालू ठेवायचा. म्हणजे आर-22 कमी होत जाणार आणि महाग होत जाणार, पण तात्यांना जानेवारीत लिकेज बंद करून तोच गॅस भरता आला असता. 'बंद' हा शब्द माझा होता. 'नव्या यंत्रांसाठी' एवढे दोन शब्द मथळ्यात बसत नव्हते म्हणून मी ते कापले.

आणि ज्या 404 वर तात्यांना ढकललं, त्याची गंमत बघा. आर-22 ओझोनला थोडा घातक, तर 404 ओझोनला काही करत नाही. पण वातावरण तापवण्यात एक किलो आर-22 म्हणजे सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि एक किलो 404 म्हणजे सुमारे 3,900. म्हणून तोही जाणाऱ्यांच्या यादीत आहे. 2016 च्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार 2028 ला या एचएफसी गॅसचा वापर आहे तिथे गोठवायचा, 2032 ला 10 टक्के आणि 2047 पर्यंत 85 टक्के घटवायचा. युरोपात 2020 पासूनच बहुतेक नव्या व्यापारी कूलिंग यंत्रांत 404 चालत नाही.

आता नव्या डीप फ्रीजरवर आर-290 लिहिलेलं दिसतं. तो प्रोपेन आहे. हवामानाला जवळपास निरुपद्रवी, वीजही कमी खातो, पण पेटतो. म्हणून भरायचा तो ग्रॅमवर मोजून, आणि लाइन पूर्ण रिकामी न करता गॅसकटिंगची ज्योत लावली तर काय होईल ते सांगायला नको. काही महाभाग 'प्रोपेनच तर आहे' म्हणत स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस भरतात. त्यात ब्युटेन असतं, वासाचं रसायन असतं. कृपा करून भरू देऊ नका. बर्फ कारखान्यांतला अमोनिया मात्र या कुठल्याच यादीत नाही, त्याचे धोके वेगळे.

धोरण चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ओझोनचं भोक भरून येतंय ते याच करारामुळे. माझा राग वेगळा आहे. 2019 च्या कूलिंग आराखड्यात एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण द्यायचं लिहिलं होतं. तात्यांकडे आलेल्या पोराला मी विचारलं, तो म्हणाला मी मोबाइलवर बघून शिकलो. त्याला तरी किती बोलायचं? त्याने पेपरवर विश्वास ठेवला.

कूलरला दुसरा कॉम्प्रेसर बसला, 22 चाच. चाचांनी लाइन धुतली, लिकेज शोधून बंद केलं, व्हॅक्यूम पंप दोन तास चालवला, मग गॅस भरला. बिल 38,000. मी अर्धे द्यायला गेलो तर तात्या म्हणाले, "तू काय मेकॅनिक हायस व्हय?"

तुमच्याकडे व्हिझीकूलर, डीप फ्रीजर, बल्क कूलर काहीही असेल तर आजच यंत्रावरच्या नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा. गॅसचं नाव आणि किती भरायचा ते तिथे लिहिलेलं असतं. गॅस बदलायचा म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, तेलाचं काय? दोन्ही गोष्टी बिलावर लिहून घ्या.

दुरुस्तीची बातमी मी दिली. ती सातव्या पानावर दोन ओळींत आली, म्हणून हे इथे सविस्तर लिहिलं. जुनं कात्रण कोणाकडे चिकटवलेलं असेल तर काढून टाका. तात्यांकडचं मी काढायला गेलो, त्यांनी काढू दिलं नाही. खिशातला पेन दिला आणि म्हणाले, "खाली लिही, खरं काय हाय ते. आन सही कर."