तास कोण मोजतं?

तुमसरला गेलो की कुणीतरी विचारतंच, "पुण्यात तू नेमकं करतोस तरी काय?" तर एकदा सांगूनच टाकतो. माणसांच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर असतं, त्यात मी मर्यादा बसवतो. दिवसाला किती तास, आठवड्याला किती, दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती. मर्यादा ओलांडली की पडद्यावर नाव लाल होतं. काही मर्यादा नुसत्या सावध करतात, काही पाळी लावूच देत नाहीत.

ऐकायला सोपं आहे. पण आठवडा म्हणजे काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. समजा, सोमवार ते रविवार असा आठवडा धरला आणि ४८ तासांची मर्यादा ठेवली. एखाद्याला गुरुवार ते रविवार बारा-बारा तासांच्या चार पाळ्या दिल्या, आणि लगेच सोमवार ते गुरुवार आणखी चार. आठ दिवसांत ९६ तास! तरी दोन्ही आठवड्यांत ४८ च भरतात, म्हणून नाव हिरवंच. 'कुठलेही सलग सात दिवस' मोजले तरच हे सापडतं.

रात्रपाळीचंही तसंच. मध्यरात्री तारीख बदलते, माणूस तोच असतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात याचा विचार केलेला होता. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस पाळी संपल्यापासून मोजायचा.

आमच्या तालुक्यात चिखल्याला मॅंगनीजची भूमिगत खाण आहे, डोंगरी बुजुर्गला उघडी. १९५२ च्या खाण कायद्यात जमिनीखाली दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. या क्षणी खाली कोण कोण आहे, हे हजेरीपुस्तकातून कधीही कळायला हवं, असंही होतं. पण मला सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच. मागच्या १२ तासांत दुसऱ्या तशाच खाणीत काम करून आलेल्याला कामावर घ्यायचं नाही. म्हणजे 'बाबा रे, तू कुठून आलास?' हे विचारणं आलंच. आमचं सॉफ्टवेअर हे विचारत नाही. ते आपल्या मालकाच्या दारापर्यंतच बघतं.

याच भागात घरोघरी विड्या वळल्या जायच्या. माझी आजीही वळायची. १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास होते, पण ते कारखान्याच्या जागेपुरते. आजीचा हिशेब हजार विड्यांवर. स्वयंपाक उरकून दिव्याखाली सूप घेऊन ती किती वेळ बसली, ते कुणीच लिहून ठेवलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी मावसबहीण. ती नर्स आहे. दिवसा एका खासगी दवाखान्यात, आणि आठवड्यातून तीन रात्री दुसऱ्या. दोन्हीकडच्या तक्त्यांत तिचे तास मर्यादेत बसतात. दिवाळीत जेवता जेवता तिचा डोळा लागला. मी म्हटलं, "ताई, एक काम सोड ना."

"सोडते. घराचा हप्ता तू भरशील?"

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. दोन ठिकाणच्या कामावर त्यातही बंधन आहे, पण खाणी आणि कारखान्यांपुरतं. उद्या ते दवाखान्यांना लावलं तरी काय होईल? एका पगारात भागत नसेल, तर ताई दुसरी नोकरी लपवेल, एवढंच. तासांची मर्यादा पाळायची, तर तेवढ्या तासांत घर चाललं पाहिजे. हे मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बसवता येत नाही.

मी तिला एक साधी वही दिली. दोन्हीकडचे तास एकाच पानावर लिही म्हटलं. पहिल्या आठवड्यात ४८ आणि ३०, एकूण ७८. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. आता वही घेऊन दिवसाच्या दवाखान्यात पगारवाढ मागायला जाणार आहे म्हणते. काय होतं ते कळवेनच.