वरची वायर काढून बघ

मागच्या लाँग वीकएन्डला आम्ही ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेतला. म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं वन रूम किचन! मी, आई, बाबा आणि मिशिगनमधला लेक ह्युरॉनचा काठ.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. मोबाइलला रेंज नाही. वादळबिदळ आहे की काय बघायला टीव्ही लावला, तर एकही चॅनेल नाही. हँडल फिरवून छतावरचा अँटेना वर केला, स्कॅन तीनदा मारला. शून्य. २००९ मध्ये इथली मोठी स्टेशनं डिजिटल झाली, त्यामुळे पूर्वीसारख्या मुंग्याही दिसत नाहीत. एक तर चित्र, नाहीतर काहीच नाही.

बाबा मागे उभे. वीज मंडळात तीस वर्षं काढलेला माणूस, पण इथे आल्यापासून मायक्रोवेव्हचं बटणसुद्धा मला विचारून दाबतो. मला ते बघवत नाही, पण बोलायचं काय?

"याला बूस्टर असेल ना रे?"

होता. टीव्हीमागच्या भिंतीवर प्लेट, तिच्यावर बटण. ते दाबलं की १२ व्होल्ट वर अँटेनातल्या बूस्टरला जातात आणि त्याच केबलमधून सिग्नल खाली येतो. दाबलं, पण दिवा लागेना.

"बल्ब गेला असेल," मी.

"अरे गाढवा, बल्ब गेला म्हणून चित्र जातं होय? वरची वायर काढून बघ."

प्लेटचे स्क्रू काढले, अँटेनाची वायर सोडवली, बटण दाबलं. दिवा लख्ख! म्हणजे प्लेट ठणठणीत, शॉर्ट वायरीत. ऑफिसात रोज अर्धा कोड बंद करून बग शोधणाऱ्या मला हे सुचू नये? असो.

बाबांनी बटण बंद करायला लावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वायरीचं टोक डोळ्याजवळ धरलं. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार वाकून मधल्या तांब्याला टेकली होती. आईच्या बांगडीतली सेफ्टीपिन घेऊन त्यांनी ती अलगद ओढून काढली.

वायर जोडली, बटण दाबलं, दिवा लागला. स्कॅनमध्ये अकरा चॅनेल! वादळ उत्तरेकडून निघून जाणार होतं.

त्यानंतर बाबा तासभर कुठल्याशा काउंटीचं हवामान बघत बसले, आवाज चांगला मोठा करून. आई दोनदा म्हणाली कमी करा. मी काही रिमोट उचलला नाही.